हेरल्डचे मागचे दार : न मिळणारे सुटे भाग नागपुरात करून घेताना

आमच्या स्टँडर्ड हेरल्डच्या नोंदणीची मुदत नोव्हेंबर २०२३ मध्ये संपली आणि नूतनीकरणासाठी गाडी परिवहन कार्यालयाच्या आवारात उभी राहिली ती थेट जानेवारी २०२५ मध्ये. मधला सगळा काळ सुटे भाग शोधण्यात, आणि जे कुठेच मिळाले नाहीत ते नव्याने घडवून घेण्यात गेला. जुनी गाडी घरात असणाऱ्या पुष्कळ जणांचे काम याच टप्प्यावर अडते, कारण ‘भाग मिळत नाही’ या वाक्यानंतर कोणाकडे जायचे, काय घेऊन जायचे आणि किती पैसे लागतील, हे कोणी नीट सांगत नाही. म्हणून माझ्या नोंदवहीतील तपशील इथे क्रमाने मांडत आहे.

गाडी माझ्या काकांची, १९६९ सालची, मार्क थ्री, म्हणजे तिसरी आवृत्ती. हेरल्ड मूळची इंग्लंडमधील ट्रायम्फ कंपनीची. मिकेलोट्टी या इटालियन रचनाकाराने तिचा आकार ठरवला आणि १९५९ साली ती तिकडे बाजारात आली. आपल्याकडे मद्रासच्या स्टँडर्ड मोटर प्रॉडक्ट्स ऑफ इंडियाने १९६१ पासून ती बनवली. इंग्लंडमधील साधी हेरल्ड कायम दोन दारांचीच राहिली. चार दारांची मार्क थ्री १९६८ पासून फक्त भारतात निघाली. सुट्या भागांच्या दृष्टीने हा फरक फार महत्त्वाचा ठरतो. ९४८ सीसीचे इंजिन, गिअरबॉक्स, पुढचा सांगाडा यांचे बरेचसे भाग इंग्लंडमध्ये आजही नव्याने तयार होतात आणि कुरिअरने घरी येतात. मागच्या दारांचे मात्र तिथे कोणाला काही ठाऊकच नाही. फेब्रुवारीत मी एका ब्रिटिश विक्रेत्याला मागच्या दाराच्या रबराबद्दल विचारले, तेव्हा त्याने उत्तरात आधी गाडीची छायाचित्रेच मागवली. हेरल्डला मागे दारे असतात हे त्याला नवीन होते.

जानेवारी २०२४ मध्ये आम्ही गाडी खोलायला घेतली. धरमपेठेतील घराच्या मागच्या शेडमध्ये ती सात-आठ वर्षे जवळपास उभीच होती. नागपुरात मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो आणि पत्र्याच्या शेडखाली त्याहून अधिक. अशा उन्हाळ्यांनी रबराचा एकही तुकडा शाबूत ठेवला नव्हता. आमच्याकडे काम करणारे मिस्त्री, ज्यांना घरातले सगळे भय्याजी म्हणतात, त्यांनी पहिल्याच दिवशी एक अट घातली, की निघालेला एकही तुकडा, मग तो कितीही सडलेला असो, त्यांना विचारल्याशिवाय कचऱ्यात जाणार नाही. प्रत्येक तुकडा प्लॅस्टिकच्या पिशवीत, पिशवीवर तारीख, बाजू आणि जागा. ‘मागचे उजवे दार, वरचा कोपरा, आतून’ असे लिहिलेल्या त्या पिशव्यांशिवाय पुढचे काहीच झाले नसते.

यादी तयार झाल्यावर तिचे तीन भाग केले : विकत मिळणारे, दुरुस्त होणारे आणि नव्यानेच करावे लागणारे. तिसरा भाग जितका लहान ठेवता येईल तितका ठेवावा, हे माझे ठाम मत आहे. एकच नग करून घेणे नेहमी महाग पडते, वेळ तर अमाप जातो. ब्रेकचे वॉशर, क्लचचे सिलिंडर, वॉटर पंप यांची दुरुस्ती किंवा खरेदी शक्य असेल तर हौसेखातर ते करून घेण्यात अर्थ नाही. आमच्या तिसऱ्या यादीत शेवटी तीनच गोष्टी उरल्या : मागच्या उजव्या दाराची काच, चारही दारांचे बाहेरचे रबर आणि मागच्या उजव्या दाराचे हँडल.

चौथी गोष्ट त्या यादीत जाता जाता राहिली, ती म्हणजे ट्रनियन. हेरल्डच्या पुढच्या चाकांना वळताना आधार देणारा हा ब्राँझचा आटेदार तुकडा आहे. त्याच्यात ग्रीस नव्हे तर गिअरचे ईपी ९० तेल घालायचे असते. अनेक गॅरेजांत वर्षानुवर्षे ग्रीसच भरले गेले, आटे कोरडे पडले आणि आत फिरणारा उभा पोलादी दांडा गंजून मोडला, अशा कहाण्या जगभरातील हेरल्डवाले सांगतात. आमच्या ओळखीचे एक लेथवाले तो तुकडा फॉस्फर ब्राँझमध्ये करून द्यायला तयार होते आणि त्यांच्या हाताबद्दल मला शंकाही नव्हती. तरीही ज्या भागाच्या भरवशावर चाक गाडीला टिकून राहते तो भाग धातूच्या प्रमाणपत्राशिवाय, नमुन्यावरून नक्कल करून वापरणे मला पटले नाही. दोन्ही ट्रनियन आणि दोन्ही उभे दांडे इंग्लंडहून मागवले. मागवताना डावा आणि उजवा वेगळा लिहावा लागतो, कारण एका बाजूचे आटे सुलटे तर दुसऱ्या बाजूचे उलटे असतात. पार्सल सीमाशुल्कासाठी थांबले की कुरिअर कंपनी ओळखपत्राची प्रत आणि बिल मागते. ती कागदपत्रे आधीच तयार असतील तर चार-पाच दिवस वाचतात. सीमाशुल्क आणि जीएसटी धरून सगळे मिळून सुमारे ३१,००० रुपये झाले. मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात माल हाती आला.

काचेचे काम सर्वांत सोपे निघाले. हेरल्डच्या बाजूच्या काचा सपाट आहेत. त्यामुळे डाव्या दाराची शाबूत काच काढून तिच्यावरून हार्डबोर्डचा नमुना कापला आणि तोच उलटा केला की उजव्या दाराचा नमुना झाला. कापण्यापूर्वी हार्डबोर्ड प्रत्यक्ष दारात बसवून वर-खाली करून पाहिला, कारण इतक्या वर्षांत दाराची चौकट थोडी तिरकी झालेली असू शकते. काच टफन्ड, म्हणजे भट्टीत तापवून मजबूत, करून घ्यायची असेल तर कापणे, कडा घासणे, भोके पाडणे हे सगळे भट्टीत घालण्यापूर्वीच पूर्ण व्हावे लागते; एकदा टफन केलेली काच मागाहून कापता येत नाही, तिचा चुरा होतो. इमारतींच्या काचा करणारे कारखाने एक-दोन नग सहसा घेत नाहीत, पण त्यांच्या मोठ्या मालाबरोबर आपला तुकडा भट्टीत घालायला तयार होतात. वाहनांच्या काचेसाठी आयएस २५५३ या मानकाचा दुसरा भाग लागू होतो. त्याप्रमाणे ठसा उमटवून मिळेल का, हे दर विचारण्याआधी विचारून घ्यावे. ज्या कारखान्याने ‘ठसा नाही, पण काच तीच’ असे सांगितले तिथून मी परत आले. दुसऱ्या ठिकाणी खर्च आला २,८०० रुपये आणि वेळ तीन आठवडे.

रबराने मात्र खरी परीक्षा पाहिली.

दाराचे रबर दिसायला साधी पट्टी असते, पण तिचा आडवा छेद पाहिला तर एका बाजूला पत्र्याच्या कडेवर बसणारी खाच, तिच्या शेजारी पोकळ फुगा आणि एक पातळ जीभ, असा नेमका आकार दिसतो. दार लागते तेव्हा फुगा दबतो आणि धूळ-पाणी अडते. जुन्या पट्टीवरून माप घेण्यात अडचण अशी, की ती पन्नास वर्षे दबून चपटी झालेली असते. तिच्यावरून हुबेहूब नक्कल केली तर चपटेच रबर तयार होईल. यावर भय्याजींनी काढलेला मार्ग मला फार आवडला. बिजागरीच्या वरच्या कोपऱ्यात, जिथे दाराचा दाब जवळजवळ पडतच नाही, तिथला दोन इंचांचा तुकडा त्यांनी वेगळा काढला, नव्या ब्लेडने त्याची पातळ चकती कापली आणि ती आलेखाच्या कागदावर ठेवून आम्ही स्कॅन केली. त्यानंतर लहान मुलांची खेळण्याची माती प्लॅस्टिकच्या पातळ कागदात गुंडाळून दाराच्या चौकटीवर ठिकठिकाणी चिकटवली, दार बंद केले, पुन्हा उघडले आणि दबलेल्या मातीची जाडी कॅलिपरने मोजली. कुठे ६ मिलिमीटर, कुठे ९, तर मागच्या उजव्या दाराच्या खालच्या कोपऱ्यात ११. म्हणजे रबराच्या आधी बिजागरी सरळ करणे भाग होते. ते केल्यावर सगळीकडे ७ ते ८ मिलिमीटर फट राहिली. फुग्याची उंची त्यापेक्षा साधारण तिसऱ्या हिश्श्याने अधिक ठरवली. अधिक उंच केली असती तर दार आपटल्याशिवाय लागले नसते.

एप्रिलमध्ये हिंगणा एमआयडीसीत चौकशी सुरू केली. रबर कारखान्यांत दोन प्रकार असतात : साच्यात दाबून वॉशर, बुश वगैरे करणारे, आणि पट्टी ओढणारे, ज्यांना तिथे एक्स्ट्रुजनवाले म्हणतात. आपल्याला दुसरे हवे असतात, हे कळायलाच पहिले काही फाटकांवरचे नकार लागले. विदर्भ इंडस्ट्रीज असोसिएशनसारख्या उद्योजकांच्या संघटनेत विचारपूस केल्यास कोणता कारखाना काय करतो, हे पुष्कळ लवकर समजते, हे नमूद करून ठेवते.

ज्या कारखान्याने काम स्वीकारले त्याचे मालक तरुण होते आणि त्यांनी माझ्या स्कॅनवर पेन्सिलने तीन प्रश्न लिहून दिले : रबर कोणते, कडकपणा किती, लांबी किती. ही उत्तरे घेऊनच जावे, म्हणजे संभाषण पाच मिनिटांत मुद्द्यावर येते. दारांच्या बाहेरच्या रबरासाठी ईपीडीएम हे कृत्रिम रबर मागावे. ऊन आणि हवेतील ओझोन यांना ते चांगले तोंड देते, नैसर्गिक रबरासारखे चिरत नाही. मात्र तेल-पेट्रोल लागणाऱ्या जागी ते चालत नाही, तिथे नायट्राइल रबर लागते. इंजिनाच्या माउंटिंगसाठी, जिथे थरथर शोषणे महत्त्वाचे, तिथे नैसर्गिक रबरच बरे. कडकपणा शोअर ए या मापात सांगतात. पत्र्याला पकडणारा भाग ६५ च्या आसपास आणि फुगा पुष्कळ मऊ हवा. दोन वेगवेगळ्या कडकपणांची पट्टी एकत्र ओढण्याची सोय त्या कारखान्यात नव्हती. म्हणून फुग्याची भिंत पातळ ठेवून ५५ कडकपणात सगळी पट्टी काढायची, अशी तडजोड झाली. ती पूर्णपणे समाधानकारक नाही. हिवाळ्याच्या सकाळी दार थोडे जोर लावूनच लागते.

पट्टी ज्या भोकातून ओढली जाते त्या पोलादी तबकडीला डाय म्हणतात. रबर डायमधून बाहेर पडताच फुगते, त्यामुळे डायचे भोक हव्या त्या आकारापेक्षा लहान आणि थोडे वेगळेच कापावे लागते, आणि पहिली डाय बहुधा घासून दुरुस्त करावीच लागते. म्हणून दर ठरवताना ‘डायची दुरुस्ती दरात धरलेली आहे’ हे वाक्य लेखी घ्यावे. आमच्या डायचे ८,५०० रुपये झाले, किमान मागणी १०० मीटरची होती आणि मीटरला ११० रुपये, वर जीएसटी. आम्हाला लागणार होते १५ मीटरच्या आतबाहेर. उरलेल्या रबराचे काय करायचे, हा प्रश्न मागणी देण्याआधीच सोडवावा लागतो. मी अमरावती, पुणे आणि कोइम्बतूर येथील काही हेरल्डवाल्यांना नमुन्याचा तुकडा पाठवण्याचे कबूल करून त्यांच्याकडून आधी लांबी लिहून घेतली. पैसे मात्र आधी घेतले नाहीत. आपल्याच गाडीवर न बसवलेल्या मालाचे पैसे घेणे मला योग्य वाटले नाही. आणि डाय कोणाच्या मालकीची, हेही बिलावर लिहून घ्यावे. आपण तिचे पैसे दिलेले असतात.

मे महिन्यात कारखान्याकडून काहीच कळले नाही. जूनच्या पहिल्या आठवड्यात नमुन्याचा एक मीटर आला, तो दारावर बसवून पाहिला, जीभ अर्धा मिलिमीटर जाड निघाली, डाय घासली गेली, आणि जून संपता संपता गुंडाळी घरी आली. कोपऱ्यांवर पट्टी वाकवताना फुगा मुडपतो; तिथे आत सात-आठ सेंटिमीटर लांबीची मऊ रबरी नळी सरकवली तर आकार टिकतो. नवी गुंडाळी दोन दिवस उन्हात मोकळी पसरून ठेवावी, म्हणजे वेटोळ्यांचा पीळ निघून जातो.

हँडलचे काम जुलैत हाती घेतले. मागच्या उजव्या दाराचे हँडल मधूनच मोडलेले होते आणि त्याचा अर्धाच तुकडा शिल्लक होता. डाव्या दाराचे शाबूत, पण त्याच्या क्रोमला फोड आलेले. इंग्लंडमध्ये पुढच्या दाराची हँडले मिळतात, पण ती आमच्या मागच्या दाराला बसतील याची खात्री तो विक्रेता छायाचित्रांवरून देऊ शकला नाही, आणि बसली नाहीत तर परत पाठवण्याचा खर्च हँडलच्या किमतीइतका. मोडलेल्या तुकड्याचा धातू कोणता, हे आधी ठरवावे लागले. लोहचुंबक चिकटत नव्हते. मोडलेली बाजू करडी आणि दाणेदार, शिळ्या खडीसाखरेसारखी चमकणारी. तुकडा स्वयंपाकघरातील काट्यावर तोलला, मग मापाच्या नळीत पाण्यात बुडवून त्याचे आकारमान काढले, घनता ६.६ च्या जवळ आली. ॲल्युमिनियमची २.७ असते, पितळेची साडेआठच्या आसपास. म्हणजे हे जस्ताचे मिश्रधातू, ज्याला जुने मिस्त्री मॅझॅक म्हणतात. ते साधारण ३८५ अंशांनाच वितळते. सांधताना हातातच ढासळते आणि आतून किडले असेल तर सांधूनही टिकत नाही. त्यामुळे हँडल पितळेत ओतून घ्यायचे ठरले. वजन थोडे वाढते, पण पितळ आयुष्यभर पुरते आणि त्यावर क्रोमही चांगला बसतो.

काच उलटी करून दुसऱ्या बाजूला चालली, हँडलचे तसे नाही. डाव्याचा साचा करून उजवे निघत नाही. त्याची आरशातील प्रतिमा हवी. पूर्वी हे काम नमुने करणारा सुतार केवळ नजरेने करीत असे. आता डावे हँडल त्रिमितीय स्कॅनरने मोजून संगणकावर उलटे करता येते. स्कॅन आणि संगणकीय आराखडा मिळून ४,५०० रुपये लागले, आणि रेझिनमध्ये छापलेला नमुना १,९०० रुपयांना पडला. आराखडा करणाऱ्या मुलाला दोन गोष्टी आवर्जून सांगाव्या लागतात. पितळ थंड होताना साधारण दीड टक्का आकसते, म्हणून नमुना तेवढा मोठा हवा. आणि फोड आलेल्या क्रोमचे खड्डे-उंचवटे स्कॅनमध्ये जसेच्या तसे उतरतात, ते संगणकावरच गुळगुळीत करून घ्यावेत.

ओतकाम इतवारीच्या बाजूला लहानशा जागेत पितळी घंटा, मूर्तींची प्रभावळ आणि पंपाचे भाग ओतणाऱ्या एका कारागिराने केले. मूळचे कुटुंब भंडाऱ्याचे, म्हणजे पितळेच्याच गावचे. त्यांनी नमुना उजेडाकडे धरून बोटाने चाचपला आणि म्हणाले, “ताई, छपाईच्या रेघा दिसून राहिल्या ना, ह्या राहिल्या त पितळेवरबी येतीन. घासून आणा.” रेझिनच्या नमुन्यावर थरांच्या बारीक रेषा असतात, त्या मी घरी बसून पाण्याच्या पॉलिश पेपरने, आधी ४०० आणि मग ८०० नंबरच्या, घासून काढल्या. त्यांना नमुना अर्धा बुडेल अशी लाकडी पाटही हवी होती, म्हणजे वाळूच्या दोन पेट्यांमधील सांधा हँडलच्या नेमक्या कडेवर येईल आणि मागाहून घासताना आकार बिघडणार नाही.

पाट करणारे सुतार लकडगंजातले. ऑगस्टच्या मध्यात त्यांच्याकडे गेले तेव्हा दुकानाच्या ओट्यापासून आतल्या भिंतीपर्यंत लाकडी बैल उभे होते, काही रंगवलेले, काही चाके लावायचे राहिलेले. त्यांनी हसून सांगितले, “ताई, तान्हा पोळा होऊ द्या. तोवर बैलाशिवाय दुसरं काही हातात घेत नाही मी.” नागपुरात कोणतेही लाकूडकाम पोळ्याच्या आधीच्या महिन्यात देऊ नये, हे आपल्याला माहीत असते, तरी कामाच्या नादात विसरायला होते. २०२४ मध्ये तान्हा पोळा, म्हणजे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीचा लहान मुलांचा लाकडी बैलांचा सण, ३ सप्टेंबरला होता. त्याच दिवशी इतवारीत काळी आणि पिवळी मारबत या पुतळ्यांच्या मिरवणुकीमुळे ओतकामाची गल्लीही बंद. पाट मिळाली सप्टेंबरच्या मध्यावर, खर्च ६०० रुपये. तोवर गणपती बसले होते, पाठोपाठ नवरात्र, आणि या दिवसांत ओतकामवाल्यांकडे देवळांचीच कामे.

ऑक्टोबरच्या तिसऱ्या आठवड्यात एका सकाळी ओतताना मी तिथे होते. वाळूची पेटी उघडून नमुना काढल्यावर हँडलची पोकळी इतकी स्वच्छ उमटली होती की कडेवरची बारीक धारही दिसत होती. मूस भट्टीतून बाहेर काढली तेव्हा तिच्या तोंडावर पांढरा धूर होता. तो पितळेतील जस्ताचा, आणि पितळ जास्त तापले की जस्त असेच उडून जाते. कारागिराने म्हणून मूस क्षणभर खाली ठेवली, वरची राख सारली आणि मग ओतले. तीन नग काढले. एकात दांड्याजवळ हवेचे छिद्र निघाले, दोन चांगले. नगाला ९०० रुपये, आणि छिद्र असलेल्याचे त्यांनी घेतले नाहीत. कमीत कमी तीन नग काढून घ्यावेत, कारण पुढे क्रोमच्या वेळीही एखादा वाया जाऊ शकतो. कुलपाच्या बाजूचा चौकोनी दांडा पितळेत ठेवला नाही. तिथे लेथवर भोक पाडून पोलादी दांडा बसवला आणि आडवी पिन ठोकली. रोज पिळला जाणारा भाग तोच असतो.

क्रोमबद्दल एक गैरसमज मलाही होता तसा बहुतेकांना असतो, की क्रोमचा थर जाड असला म्हणजे काम चांगले. प्रत्यक्षात शोभेच्या कामात क्रोम एका मायक्रॉनपेक्षाही पातळ असतो. टिकाऊपणा त्याखालच्या निकलचा आणि चमक त्याही खालच्या पॉलिशची. म्हणून कामाचा दर विचारताना निकल किती मायक्रॉन देणार, हे विचारावे. १५ ते २० असे उत्तर आले तर ठीक. या धंद्याचे सांडपाणी विषारी असते, त्याला महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाची संमती लागते, आणि त्यामुळे वस्तीतील लहान क्रोमवाले झपाट्याने कमी झाले आहेत. उरलेल्यांकडे रांग असते. दिवाळीनंतर दिलेले नग नोव्हेंबरअखेर मिळाले, नगाला ८५० रुपये. बफिंग करणाऱ्याला धारा कुठे ठेवायच्या आहेत ते मार्कर पेनाने नगावरच दाखवले होते. नाही तर सगळे हँडल साबणाच्या वापरलेल्या वडीप्रमाणे गोल होऊन येते. डाव्या दाराचे जुने हँडल बाजूला ठेवून, पहिल्याच स्कॅनवरून तेही पितळेत करायला दिले आहे.

डिसेंबरमध्ये सगळे बसवले. याच वेळी पेट्रोलच्या सर्व रबरी नळ्या आणि पंपाचा पडदा बदलला, कारण पेट्रोलमध्ये आता इथेनॉल मिसळलेले असते आणि जुन्या प्रकारचे रबर त्यात फुगून मऊ पडते. नळ्या नव्या असल्या तरी त्या इथेनॉलला चालणाऱ्या आहेत का, हे विचारूनच घ्याव्यात.

आता कागदपत्रांविषयी. पन्नास वर्षांहून जुन्या गाडीला दोन मार्ग असतात. केंद्राच्या जुलै २०२१ च्या नियमांनुसार तिची ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदणी करता येते : नवीन नोंदणीला २०,००० रुपये, दहा वर्षांची मुदत, आणि क्रमांकात ‘व्हीए’ ही अक्षरे. पण अशी गाडी रोजच्या वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाही; प्रदर्शन, रॅली, तांत्रिक संशोधन, इंधन भरणे आणि देखभाल एवढ्यापुरतीच ती बाहेर निघू शकते. आम्हाला रविवारी रामटेकला जायचे असते. म्हणून नेहमीचे नूतनीकरण निवडले : नमुना क्रमांक २५ चा अर्ज, खासगी मोटारीला तेव्हा, जानेवारी २०२५ मध्ये, ५,००० रुपये होते, मुदत पाच वर्षे. मुदत उलटल्यावर दर महिन्याला ५०० रुपये जादा लागतात. आमचे हे विलंब शुल्क मूळ शुल्काच्याही पुढे गेले. शिवाय पर्यावरण कर. काम लांबणार असे आधीच दिसत असेल तर गाडी जेमतेम चालती असतानाच नूतनीकरण उरकून मग ती खोलणे आर्थिकदृष्ट्या शहाणपणाचे आहे. आमच्या बाबतीत ट्रनियनची अवस्था पाहता गाडी रस्त्यावर काढणेच धोक्याचे होते, त्यामुळे तो पर्याय नव्हता.

मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे नोंदणी पुस्तकातील तपशिलाशी विसंगत असा बदल गाडीत करता येत नाही. मूळच्यासारखाच भाग नव्याने करून बसवला तर अडचण येत नाही, इंजिन मात्र दुसरे असेल तर त्याची परवानगी आणि नोंद आधीच हवी. आपल्याकडच्या पुष्कळ हेरल्डमध्ये भलतीच इंजिने बसवलेली आहेत, त्यांच्या मालकांनी हा मुद्दा गंभीरपणे घ्यावा. आमचे इंजिन मूळचेच असले तरी संगणकातील चेसिस क्रमांकात एक अक्षर चुकलेले निघाले. दुरुस्तीसाठी जुने नोंदणी पुस्तक, अर्ज आणि चेसिसवरील क्रमांकावर कागद ठेवून पेन्सिलने घासून घेतलेला ठसा लागला. तो ठसा घेण्याआधी क्रमांकाच्या पट्टीवरील रंग थिनरने पुसून घ्यावा. तारेच्या ब्रशने घासू नये, कारण अक्षरे पुसट झाली तर त्याचे उत्तर आपल्यालाच द्यावे लागते. दुरुस्ती होईपर्यंत पीयूसी आणि विमा दोन्ही थांबले होते.

नोंदणीची मुदत संपलेली गाडी चालवत नेणे योग्य नाही म्हणून २१ जानेवारी २०२५ रोजी ती टोइंगच्या गाडीवर चढवून नेली, १,८०० रुपये. मोटार वाहन निरीक्षकांनी दिवे, हॉर्न, वायपर, ब्रेक आणि स्टिअरिंगमधील ढिलेपणा पाहिला. काचेवरचा ठसा वाकून वाचला. हँडल त्यांनी ओढून पाहिले आणि हे कुठे मिळाले, एवढेच विचारले. मी बिलांची फाइल पुढे केली, पण त्यांना ती पाहण्याची गरज वाटली नाही. तरीही फाइल बरोबर असावी. काचेचे बिल, इंग्लंडच्या पार्सलची सीमाशुल्काची पावती आणि ब्रेकच्या कामाचे बिल सर्वांत वर ठेवावे.

नवे नोंदणी प्रमाणपत्र फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात टपालाने आले. रबराच्या गुंडाळीतील सुमारे ४० मीटर अजून घरी आहे. स्टँडर्डच्याच गझेल या गाडीच्या मालकांनी विचारणा केली आहे, पण त्यांच्या दाराची फट मातीने मोजून आकडे कळवल्याशिवाय मी तुकडा पाठवत नाही. हँडलच्या आराखड्याची फाइल मात्र ज्याला हवी त्याला देते; त्याने आपल्या हँडलवर कॅलिपर लावून मापे जुळवून घ्यावीत आणि पोळ्याच्या आधी सुताराकडे जाऊ नये.